ऑर्गनवाले काका, कबड्डी आणि माझी शिट्टी

आधीच सांगून टाकतो, संगीतातलं मला काही कळत नाही. शाळेत पीटी शिकवतो आणि गेली २२ वर्षं कबड्डीच्या मैदानावर शिट्टी फुंकतो. एवढ्या वर्षांत कान तयार झाले ते एकाच गोष्टीसाठी, चढाईपटूचा दम ऐकायला. बाकी राग-बिग ओळखण्याच्या भानगडीत मी पडत नाही. तरी हे परीक्षण लिहितोय, कारण ज्या सेवेबद्दल लिहितोय ती गवयापेक्षा पंचाच्या जास्त कामाची आहे. आणि आमच्या मंडळाच्या सचिवाने तीन वेळा फोन करून झालाय, "सर, तुम्हीच लिहा. आम्ही लिहिलं तर लोक म्हणतील जाहिरात करून राहिले."

सेवा अशी: कबड्डी, व्हॉलीबॉल, टेनिस बॉल क्रिकेट, कुठलीही स्पर्धा असो, डीजेच्या जागी एक ऑर्गनवाले काका येऊन बसतात आणि खेळ बघून वाजवतात. सोबत ऑक्टोपॅडवर त्यांचा नातू. काकांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच मनाई केली आहे. "नाव आलं की फोन येते, फोन आला की लग्नाची ऑर्डर येते, अन् लग्नात मले वाजवायचं नाही." वय ६८. राहणार नागपूरच्या महाल भागात. काकांचे वडील संगीत नाटकांना पायपेटीवर साथ करायचे. काकांनी स्वतः ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून संसार केला.

स्पर्धा आमच्या नंदनवन भागातली, जानेवारीतली, तीन रात्रींची. १६ संघ, दोन मॅट.

डीजे का नको, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मागच्या वर्षी याच मैदानावर अंतिम सामना. चढाईपटूला तिघांनी धरलेलं, तो मध्यरेषेपासून हातभर लांब, सगळे एकमेकांवर पडलेले. अशा वेळी पंचाकडे कानाशिवाय काही नसतं. दम चालू आहे की तुटला? तुटला तर खेळ तिथेच संपला. तुटला नसेल आणि त्याचं बोट रेषेला लागलं, तर ज्यांनी ज्यांनी धरलं ते तिघेही बाद. म्हणजे एका श्वासावर चार गुणांचा फरक. आणि नेमक्या त्या क्षणी डीजेवाल्या पोराने गाणं टाकलं. त्याला वाटलं, पकड झाली. मैदान हादरलं, माझ्या छातीत ढोल वाजायला लागला, दम कुठे गेला ते देवाला माहीत. माझा निर्णय एक, दुसऱ्या पंचाचा दुसरा, सरपंच तिसरीकडेच बघत होते. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या सरपंचाशी गल्लत करू नका, याला मानधन कमी असतं.) पुढची वीस मिनिटं जे झालं त्याला कबड्डी म्हणत नाहीत. मंडळाच्या दोन खुर्च्या मोडल्या.

त्याच रात्री सचिवाला सांगून टाकलं, पुढच्या वर्षी एक तर डीजे येईल नाहीतर मी.

जामठ्याला क्रिकेट बघायला जातो तेव्हा मला डीजेचा राग येत नाही. दोन चेंडूंच्या मध्ये गाणं टाकलं, तुतारी वाजवली, ४५ हजार लोक ओरडले, तरी गोलंदाजाचं काय बिघडतं? त्याला तोंडाने काही म्हणायचं नसतं. कबड्डीत मात्र खेळाडूचा आवाज हाच नियम आहे.

काका स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी आले. सायकलवर. मला वाटलं, सचिवाकडे जाऊन पैशांचं बोलतील. ते थेट मॅटवर आले, चपला बाहेर काढल्या, मध्यरेषेवर उभे राहून दोन टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, "पंचसाहेब, तुम्ही कुठे उभे राहता?"

मी जागा दाखवली. मध्यरेषेच्या टोकाला, बाजूच्या रेषेबाहेर.

"अन् शिट्टी कोणत्या हातात असते?"

२२ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उजव्या, म्हटलं.

"मंग मी तिकडे बसतो, समोर. मले तुमचा उजवा हात दिसला पाहिजे. शिट्टी तोंडाले लागली की माझे हात वर."

स्टेज सोडून ते गुणलेखकाच्या टेबलामागे बसले. सचिव नाराज. स्टेजवर फ्लेक्स लागला होता, पाहुण्यांचे सोफे होते, कलाकाराने तिथे बसावं अशी त्याची फार इच्छा. काका म्हणाले, स्टेजवरून मॅट दिसते पण पाय दिसत नाहीत. पाय दिसले नाहीत तर चढाईपटू कधी आत शिरला ते कसं कळणार?

आता त्यांच्या यंत्राबद्दल थोडं. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, सेकंडहँड घेतलेला, त्यामुळे कंपनीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. नेहमीच्या कीबोर्डापेक्षा वेगळं एवढंच, की त्याला नऊ सरकत्या दांड्या आहेत. ड्रॉबार म्हणतात. एकेक दांडी ओढली की आवाजात एकेक थर चढतो. खालची जाड सुरावट, वरची बारीक शीळ, जसं हवं तसं मिसळायचं. ही युक्ती १९३० च्या दशकातल्या हॅमंड ऑर्गनची. तेव्हा आत लोखंडी चकत्या फिरायच्या, आता चिप आहे. काका ओढताना बघायला मजा येते. वाण्याच्या दुकानात डाळ-तांदूळ-पोह्यांच्या डब्यांतून माप घेतात ना, तसं. पायाखाली आवाजाचं पेडल. अंगावर स्वेटर, त्यावर जॅकेट, डोक्याला माकडटोपी, खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी आणि मांडीवर एक पंचा. नागपूरची जानेवारीतली रात्र आणि उघडं मैदान; दव पडलं की पट्ट्या ओल्या होतात. दर सामन्याला ते पंचाने पट्ट्या पुसून घेत. (कापडी पंचाने. मी नाही पुसल्या.)

ऑर्गनच का, सिंथेसायझरवर हजार आवाज असताना? हे मी विचारलं होतं. त्यांनी एक पट्टी दाबली, धरून ठेवली. आवाज जसाच्या तसा. सोडली, आवाज खलास. मग पियानोचा आवाज लावला, पेडल दाबून तोच स्वर वाजवला. तो वाजला, विरत गेला, बोट उचललं तरी मागे रेंगाळला. "हे पाहा. ऑर्गन बोट ठेवलं तेवढाच राहते, उचललं की संपला. पाहुणा असा पाहिजे." माझ्यासारख्या बहिऱ्यालाही ते कळलं. चढाई सुरू होताना मागच्या संगीताची शेपूटसुद्धा नको असते मला.

आणि वेळ किती मिळतो म्हणता? एक चढाई संपली की दुसऱ्या संघाने ५ सेकंदांत आपला गडी पाठवायचा, असा नियम. म्हणजे वाजवायला ५ सेकंद. नंतर ३० सेकंद गप्प. पुन्हा ५ सेकंद. २० मिनिटांचा डाव, असे दोन डाव. टाइमआउट, दुखापत, मध्यंतर सोडलं तर या माणसाला सगळी कला त्या पाच-पाच सेकंदांच्या फटीत बसवायची असते. पहिल्या रात्री मी घड्याळ लावून बघितलं, सवय आहे. चार सेकंदांच्या वर ते एकदाही गेले नाहीत. चढाईपटूचा पाय मध्यरेषेजवळ आला की स्वर तुटलेला असायचा, आणि त्या रिकाम्या जागेत त्याचा पहिला "कबड्डी" असा स्वच्छ ऐकू यायचा की मलाच दचकायला झालं. इतका स्पष्ट दम मी शाळेच्या हॉलमध्येसुद्धा ऐकलेला नाही.

पण पहिली रात्र सगळीच गोड गेली असं नाही. दोन मॅट होत्या आणि काका एक. ते पहिल्या मॅटवर बघून वाजवत होते, त्याच वेळी दुसऱ्या मॅटवर भलतंच काही चालू. मी दुसऱ्या मॅटवर होतो. इकडे चढाई अगदी भरात, तिकडे लोण चढला (म्हणजे समोरचा आख्खा संघ बाद) आणि ऑर्गन गरजला. झालं, मागच्या वर्षीचंच दुखणं. मी खेळ थांबवला, चढाई परत घ्यायला लावली, दोन्ही कर्णधारांची बोलणी खाल्ली. चूक काकांची म्हणता येणार नाही, आमची; पण ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी लक्षात ठेवा, एकाच वेळी दोन सामने असतील तर यांना बोलावू नका. आम्ही दुसऱ्या रात्रीपासून एकाच मॅटवर खेळवलं. सामने रात्री दीडपर्यंत लांबले, त्याचा हिशेब वेगळा.

पहिल्या रात्रीची दुसरी फजिती मात्र काकांची स्वतःची. त्यांचा मुलगा शिकागोला असतो. तिकडे गेले असताना त्याने बेसबॉल दाखवायला रिग्ली फील्डला नेलं. काकांनी म्हणे खेळाकडे बघितलंच नाही, मान वळवून ऑर्गन कुठून वाजतो तेच शोधत बसले. बेसबॉलच्या मैदानावर ऑर्गन पहिल्यांदा वाजला तो तिथेच, २६ एप्रिल १९४१ ला. त्याच्या आधी त्याच शहरात, १९२९ च्या शिकागो स्टेडियममध्ये, आइस हॉकी आणि बॉक्सिंगला सहा थरांच्या पट्ट्यांचा अजस्र ऑर्गन वाजायचा. काका त्याचं वर्णन करताना हात डोक्याच्या वर नेतात. बोलपट आले तेव्हा तिकडे मूकपटांना साथ करणारे ऑर्गनवाले बेकार झाले, इकडे संगीत नाटकांच्या कंपन्या बसल्या. तिकडच्यांना खेळाचं मैदान सापडलं, आपल्याकडच्यांना कोणी सांगितलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडळातले एक ज्येष्ठ यावर कुरकुरले, "आपल्या मातीतल्या खेळात हे अमेरिकेचं फॅड कायले?" त्यांना मी आठवण दिली, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी तिकडे जाऊन कबड्डी दाखवली होती. आपलं तिकडे गेलेलं चालतं, तर तिकडचं थोडं इकडे येऊ द्या.

तर फजिती. अमेरिकेत एक सहा सुरांची ललकारी आहे, १९४६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टॉमी वॉकर नावाच्या विद्यार्थ्याने बांधलेली. ऑर्गनवर ती वाजली की आख्खं स्टेडियम एका आवाजात "चार्ज!" ओरडतं. काकांनी ती मोठ्या हौसेने नंदनवनात वाजवली. मैदान चिडीचूप. पुन्हा वाजवली. पुढच्या रांगेतल्या एका पोराने बापाला विचारलं, "बाबा, गाडी येऊन राहिली का?" त्याला ती स्टेशनवरची घोषणेआधीची धून वाटली.

मध्यंतरात काका चहाच्या कपात बघत बसले होते. नातू मोबाइलमध्ये. मग दुसऱ्या डावात, एका बाजूला तिसरी चढाई आली (दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणायचाच, नाहीतर बाद), तेव्हा त्यांनी दांड्या ओढल्या, जाड आवाज केला आणि फक्त ठेका वाजवला. "गणपती बाप्पा" असं म्हणताना आवाज जसा चढतो, तेवढाच. शब्द नाहीत, गाणं नाही. आणि हजारभर लोकांच्या तोंडून "मोरया!" असं निघालं की काय सांगू. चढाईपटू बिचारा हसला. चार सेकंद. मग शांत. मग दम.

त्या रात्रीनंतर ती अमेरिकन ललकारी कोणी ऐकली नाही.

दुसऱ्या रात्रीपासून त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली, ती मला सगळ्यात जास्त आवडली. संघ मॅटवर येताना प्रत्येकाला वेगळी धून. शिकागोलाच व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघासाठी नॅन्सी फाउस्ट नावाच्या बाईंनी १९७० ते २०१० अशी ४१ वर्षं ऑर्गन वाजवला, त्या खेळाडूच्या नावावरून, गावावरून गाणं शोधून काढायच्या. काकांनी गाव धरलं. रामटेकचा संघ आला की रामनामाची धून. उमरेडची पोरं आली की नातवाने ऑक्टोपॅडवर कोळशाच्या मालगाडीची धडधड काढली. काटोलवाल्यांना काय वाजवावं सुचेना, म्हणून संत्रेवाला जसा ओरडतो तशी आरोळी ऑर्गनवर काढली. ती इतकी हुबेहूब होती की मागे खरोखरच्या संत्र्यांच्या गाडीवाल्याने मान वर केली. गंमत वाटेल, पण पोरांवर परिणाम होतो. एरवी तालुक्याचे संघ शहरात येतात तेव्हा खांदे पाडून मॅटवर शिरतात. आपली धून वाजतेय म्हटल्यावर चालच बदलते.

त्याच रात्री वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला सात मिनिटं. अंधारात कोणीतरी ओरडलं, "ए कोराडीवाले, लाइट द्या बे!" (कोराडीला वीजनिर्मिती केंद्र आहे.) कोराडीचा संघ बाजूलाच बसला होता, त्यांच्यातला एक ओरडला, "आमच्या घरी पण गेली आहे!" सगळे हसले. अशा वेळी ऑर्गन हवा होता, पण तो वायरीवर चालतो. काका पंचा पांघरून बसून राहिले. ही या सेवेतली खरी उणीव. लहान इन्व्हर्टर सोबत ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे. तुम्ही बोलावलंत तर आधी विचारून घ्या. शिवाय वीज आल्यावर कीबोर्ड पुन्हा चालू होऊन दांड्या मनासारख्या लागेपर्यंत दोन-तीन चढाया कोरड्या जातात.

आवाजाच्या भोंग्यांबद्दलही एक तक्रार, पण ती काकांवर नाही. स्पीकर भाड्याने आणणाऱ्याने ते मॅटच्या चारही कोपऱ्यांत, आतल्या बाजूला तोंड करून लावले होते. त्याला लग्नाची सवय. कोपरारक्षकाच्या कानाजवळ भोंगा आला की त्याला आपल्याच साथीदाराची हाक ऐकू येत नाही. दुसऱ्या रात्री काकांनी सगळे भोंगे प्रेक्षकांकडे वळवून घेतले. स्पीकरवाला म्हणाला, मग खेळाडूंना ऐकू कसं येईल? काका म्हणाले, त्यांच्यासाठी वाजवतच नाही.

आता उपांत्य सामन्यातला प्रकार. तो लिहिला नाही तर गावभर झालेल्या चर्चेला अर्थ उरणार नाही.

एका चढाईपटूने बोनस गुण मागितला. त्याचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे गेला होता, ते मलाही दिसलं. पण मागचा पाय हवेत नव्हता, अंगठा मॅटला चिकटलेला. मागचा पाय उचललेला नसेल तर बोनस नाही. मी हात हलवून नाकारला. त्याच्या गावची दीडशे माणसं बसली होती, सगळी उभी राहिली. आरडाओरडा चालू झाला. आणि तेवढ्यात ऑर्गनवर एक धून आली. हळू, गोड, बारीक आवाजात. मला एवढंच कळलं की ही कुठेतरी ऐकली आहे. लोकांना माझ्या आधी कळलं. दोन सेकंद शांतता आणि मग मैदान हसून लोळायला लागलं.

अंगाई होती. पंच झोपलाय.

मी वळलो. काका पट्ट्यांकडे बघत होते, फार निरागसपणे. मी खिशात हात घातला, हिरवं कार्ड काढलं आणि मॅटवरून चालत जाऊन गुणलेखकाच्या टेबलासमोर, ऑर्गनच्या पुढ्यात, हात उंच करून दाखवलं. कबड्डीत हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. ऑर्गनला कार्ड दाखवायची तरतूद कुठल्या नियमपुस्तकात आहे ते मला विचारू नका. गुणलेखकाने पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ठेवलं. काका उठून उभे राहिले, माकडटोपी काढली, हात जोडले. टाळ्या अशा पडल्या की बोनस सगळे विसरले.

खरं सांगू का, मला राग आला होता. कार्ड काढेपर्यंत आला होता. घरी बायकोला सांगितलं तर तीसुद्धा हसली, म्हणजे दाद मागायला जागा नाही.

सामना संपल्यावर तर्रीपोहे खाताना काका माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, पंचसाहेब, तुम्ही कार्डावर सोडलं, तिकडे तर थेट हाकलतात. १९८५ साली फ्लोरिडात, क्लिअरवॉटर गावच्या बेसबॉल मैदानावर, विल्बर स्नॅप नावाच्या ऑर्गनवाल्याने पंचाच्या एका निर्णयावर 'थ्री ब्लाइंड माइस' वाजवलं होतं. तीन आंधळ्या उंदरांचं इंग्रजी बालगीत. पंचाने ऑर्गनवाल्यालाच बाहेर काढलं. तो माणूस त्यामुळे इतका प्रसिद्ध झाला, की पुढे सही करताना नावाखाली त्याच गाण्याचं नाव लिहायचा.

"म्हणजे तुम्हाला प्रसिद्ध व्हायचं होतं?" मी विचारलं.

"नाही हो. अंगठा खालीच होता त्याचा. मीही पाह्यला."

"मग अंगाई कशाला?"

"ते दीडशे लोक तुमच्यावर येऊन राहिले होते, सर. हसले की बसतात."

यावर काय बोलणार. तर्री तिखट होती, पाणी प्यालो.

तरीही सांगून ठेवतो, संयोजकांनी ही गोष्ट आधी ठरवून घ्यावी: पंचाच्या निर्णयावर वाजवायचं नाही. काका मानतील. आमच्याकडे अंतिम सामन्यात त्यांनी तसं काही केलं नाही. प्रत्येक पंच माझ्याएवढा खिशात हिरवं कार्ड आधी ठेवणारा नसतो, काहींच्या हाताला लालच लागतं.

पैशांचं. तीन रात्रींचे दोघांचे मिळून १५ हजार घेतले, जाण्यायेण्याची रिक्षा वेगळी. पहिल्या दिवशी सायकलवर आले होते ते मैदान बघायला, कीबोर्ड सायकलवर नेत नाहीत. मागच्या वर्षीच्या डीजेने एका रात्रीचे १२ हजार घेतले होते आणि वर दोन खुर्च्या. शिवाय दहानंतर आवाज कमी करा म्हणून पोलीस यायचे, यंदा ऑर्गनचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेला नाही. जेवणात काका सावजी खात नाहीत. साधं वरण-भात आणि रात्री अकराला एक कप कॉफी, एवढी व्यवस्था ठेवा. कॉफीला उशीर झाला तर धुना उदास व्हायला लागतात, हे मी स्वतः ऐकलं आहे.

एका चढाईपटूने मात्र तक्रार केली, ती प्रामाणिकपणे नोंदवतो. तो म्हणाला, सर, डीजे असला की माझा दम थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणाला कळायचं नाही. यंदा सगळंच ऐकू येऊन राहिलं होतं. या स्पर्धेत मी दम तुटल्यावरून सात वेळा चढाईपटूंना बाद दिलं. मागच्या वर्षी एकदाही दिलं नव्हतं. मागच्या वर्षी सगळ्यांचे दम लोखंडी होते असं नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर चार. अर्धा इन्व्हर्टर नाही म्हणून कापला. अर्धा अंगाईचा.

हे लिहून झाल्यावर काकांना महालात जाऊन वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत ऐकलं. इन्व्हर्टरला मान डोलावली. मग म्हणाले, "त्या दुसऱ्या अर्ध्या गुणावर रिव्ह्यू घेता येते का?"